आईच्या देव्हाऱ्यातलं पदक

आई गेली त्याच्या चौथ्या आठवड्यात बाबांनी माझ्या हातात व्हर्निअर, म्हणजे त्यांचा तो मापायचा स्टीलचा चिमटा, दिला आणि म्हणाले, "बस इथं. माप." एवढंच. दुसरा एखादा बाप मुलीला जवळ घेऊन रडला असता, निदान "जेवलीस का" एवढं तरी विचारलं असतं. माझ्या बापानं मला चांदीचं एक जुनं लष्करी पदक मोजायला बसवलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा मला कशातच काही वाटत नव्हतं. सतरा वर्षांची होते, सकाळी स्कूलबस पकडत होते, कॅल्क्युलसच्या टेस्ट देत होते आणि मार्कही बरे पडत होते. फ्युनरल होममध्ये मराठी मंडळातल्या दोन काकू माझ्या मागे उभ्या राहून कुजबुजल्या होत्या, "पोरगी रडत कशी नाही गं?" ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं. घरी आल्यावर मी बाथरूमचं दार लावून आरशासमोर उभं राहून प्रयत्नही करून पाहिला. नाही आलं रडू. मग दात घासले आणि बाहेर आले.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं आमचं घर तेव्हा वस्तीच्या टोकाला होतं, मागं मक्याचं शेत. आता तिथं डोशाचं दुकान, कथकचा क्लास आणि किराणा आहे, आणि इथं एके काळी कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाऊण तास ड्राइव्ह करायला लागायचा असं सांगितलं की माझी मुलगी "ओके मॉम" म्हणून फोनमध्ये डोकं घालते. घरात आवाज असे दोनच. थंडीत धप्प करून चालू होणारी बेसमेंटमधली घर तापवणारी फर्नेस, आणि जेवणाच्या टेबलावर बाबांच्या व्हर्निअरची टिक. आई होती तेव्हा तिसरा आवाज तिचा असायचा. ती भांड्यांशी बोलायची, कुकरशी भांडायची, फोनवर जर्सी सिटीच्या बहिणीशी तासभर बोलून झाल्यावर "चल, ठेवते" म्हणून आणखी अर्धा तास बोलायची. ती गेल्यावर आम्ही दोघं त्या दोन आवाजांत राहायला लागलो. बाबा "मीठ" म्हणाले की मी मीठ सरकवायचे. मी "परमिशन स्लिप" म्हटलं की ते सही करायचे. भांडण नव्हतं, राग नव्हता. नुसतं काहीच नव्हतं.

बाबा मेटलर्जिस्ट होते. इंजिनाचे भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीत दिवसभर ओतीव भागांतले दोष शोधायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पदकांतले. हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं एका फ्ली मार्केटात, जुन्या सामानाच्या बाजारात. मी तेव्हा आईच्या पोटात होते म्हणे. एका टेबलावर इंग्रजांच्या काळातली लष्करी पदकं मांडली होती, आणि त्यातल्या एकाच्या कडेवर चक्क कुणा भोसल्याचं नाव होतं. बाबांनी ते उचललं, कडेवरून नख फिरवलं आणि विकणाऱ्याला म्हणाले, "हे नाव मागाहून घातलंय." तो गोरा माणूस लालबुंद झाला. पुढच्या रविवारी मात्र स्वतःच आणखी सहा पदकं घेऊन बाबांची वाट बघत उभा होता. तिथून जे सुरू झालं ते झालं. ओहायोतून, इंडियानातून कापसात गुंडाळलेली पार्सलं यायला लागली. ती सगळी मंडळी बाबांना "डॉक" म्हणायची. बाबांनी त्यासाठी कुणाकडून कधी काही घेतलं नाही, आणि कुणाच्या भिडेला बळी पडून पदक अस्सल असल्याचं खोटं पत्र कधी दिलं नाही. एकदा एक म्हातारा सैनिक आमच्या दारात उभा राहून रडला होता, कारण बाबांनी त्याच्या वडिलांचं पदक नकली ठरवलं होतं. बाबांनी त्याला चहा दिला, पण पत्र बदललं नाही. आईनं त्या दिवशी बाबांशी अबोला धरला होता.

लोकांना वाटतं पदक पारखणं म्हणजे काही तरी गूढ विद्या. गूढ विद्या, डोंबल! खरं पदक ठशात दाबून घडवतात, त्यामुळे त्याच्यावरच्या अक्षरांची कड नखाला लागते. कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. काही महाभाग ती कड घासून साध्या शिपायाचं नाव उडवतात आणि एखाद्या शूराचं घालतात. मग तिथं कड पातळ झालेली असते, चार ठिकाणी मापलं की चोरी सापडते. आणि नक्कल ओतून केलेली असेल तर काम आणखी सोपं. अक्षरं चोखून टाकलेल्या गोळीसारखी गुळगुळीत होतात, अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि मुख्य म्हणजे ओतलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून ओतीव प्रत अस्सल पदकापेक्षा केसभर लहानच भरते. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक छत्तीस मिलिमीटर भरायला हवं. पस्तीस पूर्णांक चार आलं की बाबा पुढचं काही बघायचेसुद्धा नाहीत.

प्रत्येक पदकाचं ते एक कार्ड लिहायचे, मराठीत, म्हणजे कुणा डीलरनं डोकावलं तरी कळू नये. व्यास, वजन, कड, आणि मग निकाल. निकाल तीनच: खरं, घासलेलं, ओतीव. त्याखाली शेवटची ओळ असायची, साक्ष. हे पदक खरोखर कुठून आलं हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का, आणि त्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवता येईल का. बाबा बहुतेक वेळा लिहायचे, "साक्ष: विक्रेता. भरवशाची नाही." किंवा नुसतंच, "साक्ष: नाही." मार्चपासून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात माझीही सही यायला लागली, दुसऱ्यांदा मापणारी म्हणून. कार्डं ठेवायला आईनं त्यांना एक पत्र्याचा डबा आणून दिला होता, फुलाफुलांचा. इथल्या बायका स्वयंपाकाच्या कृती ठेवतात तसला. एकावर एक फ्री होता. दुसऱ्यात तिच्या स्वतःच्या कृती होत्या. दोन्ही डबे फ्रिजवर शेजारी शेजारी असायचे, आणि बाबा घाईत कधी चुकीचा काढून "अगं, यात अनारसे आहेत" म्हणायचे.

मंडळातल्या काकूंनी पहिले दोन महिने आम्हाला जेवू घातलं. पिठलं, भात, फॉइल लावलेल्या ट्रेमध्ये पावभाजी. शेजारच्या अमेरिकन बाईनं नूडल्स आणि ट्यूनाचं काही तरी आणून दिलं. शाकाहारी माणसांच्या घरी ट्यूना! ते आम्ही थँक यू म्हणून घेतलं आणि गार्बेजमध्ये टाकलं. मग हळूहळू डबे थांबले आणि आम्ही सीरिअलवर आलो. दूध संपलं की कोरडं. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात मात्र आईनं जानेवारीत गोठवून ठेवलेला आमटीचा एक डबा होता, वर मास्किंग टेप आणि टेपवर तिच्या उभट अक्षरात "आमटी". तो डबा मी पाहिला होता आणि बाबांनीही पाहिला होता. तो खायचा नाही आणि टाकायचाही नाही, हे न बोलता ठरलं होतं. आईस्क्रीम काढताना आम्ही तो बाजूला सरकवायचो आणि परत जागेवर ठेवायचो.

आता ज्या पदकाबद्दल सांगायचंय ते. ते बाबांच्या टेबलावर कधीच आलं नव्हतं. ते आईच्या देव्हाऱ्यात होतं, लॉन्ड्री रूमच्या कपाटात, ड्रायरच्या वरच्या फळीवर. आईचे आजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत होते, ते कुठल्याशा वाळवंटात लढून परत आले आणि त्यांना हे मिळालं. एका बाजूला इंग्लंडच्या राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक पुरुष, अंगावर चिंधी नाही. सातारा जिल्ह्यातल्या त्या घरानं राजाला पालथं घातलं आणि घोडेवाला वर केला. घोड्यावर बसलाय म्हणजे कोण? खंडोबाच की! मग त्याला भंडारा लागला, फूल लागलं, आणि तो टाकांच्या रांगेत जाऊन बसला. बाबा मंडळातल्या पुरुषांना हे सांगून हसवायचे. आई म्हणायची, "हसा. तुमच्या पिस्टनला कुणी फूल वाहतंय का?"

दसऱ्याला आई सगळे देव घासायची, दंतमंजन आणि चिंच घेऊन, खसाखसा. पदकं जमवणाऱ्या माणसापुढे पदक घासणं म्हणजे महापाप, त्यानं जुनी झळाळी जाते आणि अक्षरं झिजतात. म्हणून दसऱ्याच्या सकाळी आई चिंच भिजवायला घ्यायची आणि बाबा उठून बाहेर पानं गोळा करायला जायचे. दर वर्षी. खिडकीतून दिसायचं, दाताळं घेऊन घराकडे पाठ करून उभे. आई मला डोळा मारायची. आणि एक गोष्ट तिनं बाबांना बजावून ठेवली होती, माझ्यासमोर शंभर वेळा म्हटली असेल: "माझ्या देवाला तुमचा तो चिमटा लावायचा नाही हं." बाबा म्हणायचे, "नाही लावत गं बाई."

ऑक्टोबरात मावशी आली. माई मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, फोनवरची जर्सी सिटीची. पाच वर्षांनी मोठी आणि आवाजानं दुप्पट. आईनंच तिला आणि तिच्या यजमानांना अमेरिकेत आणलं होतं. फेब्रुवारीत ती दहा दिवस राहून रडून गेली होती. आता बसनं आली, एका हातात बॅग आणि दुसऱ्यात शेंगदाण्याच्या कुटाची बरणी. आल्या आल्या फ्रिज उघडून म्हणाली, "अरे देवा! हे घर आहे की होस्टेल?" दुपारपर्यंत घरात फोडणीचा वास आला. कितीतरी महिन्यांनी. मला वाटलं आता मला काही तरी होईल, पण कसलं काय, मी अभ्यासाला बसले. संध्याकाळी तिनं भरली वांगी केली, भाकऱ्या थापल्या, आणि सोबत आमटी वाढली. मी घास घेतला आणि थांबले. समोर बाबाही थांबले होते. गार्बेज कॅनमध्ये मास्किंग टेपची गुंडाळी दिसत होती. मावशी म्हणाली, "फ्रीझरमध्ये पडून होती, म्हटलं संपवून टाकू. बरीय ना?" बाबा म्हणाले, "चांगली आहे." आम्ही दोघांनी ती आमटी खाल्ली. दुसऱ्यांदा घेतली. भांडं पुसून घेतलं. एकमेकांकडे बघितलं नाही.

जेवणं झाल्यावर मावशीनं येण्याचं कारण काढलं. गावी चावडीपाशी लढाईवर गेलेल्यांचं स्मारक उभं राहत होतं, आणि त्यात काचेमागं पणजोबांचं पदक ठेवायचं होतं. पदकं मात्र दोन होती. मावशीच्या लहानपणी तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले. वाटणीत देवही वाटले जातात. एका घरी मूळचे राहतात, दुसरं घर सोनाराकडून नवे करून घेतं. आजोबांनी सांगितलं होतं की अस्सल पदक आपल्याकडे आलं आणि सोनाराचं थोरल्या घरी गेलं. थोरलं घर नेमकं उलटं सांगत होतं. "आता तेच लोक पुढं पुढं करतायत," मावशी म्हणाली. "काचेमागं त्यांचं पदक, पाटीवर त्यांचं नाव. आमचा बाप खोटा ठरणार सगळ्या गावापुढं! वसंतराव, तुमचं एक पत्र द्या. ओरिजिनल आहे म्हणून. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." बाबा म्हणाले, "उद्या बघू."

उद्या दसरा होता. मावशीनं सकाळी अंघोळ करून सगळे देव परातीत काढले आणि चिंच भिजवली. आठ महिने त्यांना कुणी हात लावला नव्हता. बाबांनी चहा संपवला, जॅकेट घातलं आणि दाताळं घ्यायला गराजकडे निघाले.

"कुठं निघालात? आधी माझं पत्र," मावशी म्हणाली. तिनं ते पदक, ओलं आणि हळदीचं पिवळं, टेबलावरच्या मेणकापडावर आणून ठेवलं, व्हर्निअरच्या शेजारी. बाबा उभेच राहिले.

"माई, ते देव्हाऱ्यातलं आहे. त्याला मी माप लावत नाही. शकूला चालायचं नाही."

"शकू आता आहे का नको म्हणायला?"

फर्नेस धप्प करून चालू झाली. बाबा जॅकेट न काढताच खुर्चीवर बसले.

"मला पत्र देता येणार नाही, माई."

"का? परक्या गोऱ्यांना देता, घरच्या माणसाला नाही? शकूच्या बापाच्या अब्रूचा प्रश्न आहे हा. ती असती तर तिनं तुम्हाला हात धरून बसवलं असतं लिहायला."

बाबांनी कप उचलून तोंडाला लावला, तो रिकामा होता. मी ते टीव्ही बघावा तसं बघत होते. आज मला त्या मुलीचा राग येतो. एक माणूस समोर कोंडीत सापडलाय, तो तिचा बाप आहे, आणि ती शांतपणे हात पुढं करून पदक उचलते. पण खरं सांगायचं तर मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या हातांना मार्चपासून तेवढंच येत होतं. मी कडेवरून नख फिरवलं. कुठंच लागलं नाही. साच्याचा सांधा घासून काढल्याचा, सगळ्या कडेनं फिरणारा कानशीचा एक बारीक पट्टा होता, आणि नाव ठशांनी ठोकलेलं नव्हतं, हातानं कोरलेलं होतं. मी व्हर्निअर लावला. तीन ठिकाणी. पस्तीस पूर्णांक चार, पस्तीस पूर्णांक तीन, पस्तीस पूर्णांक चार.

"इट्स अ कास्ट," मी म्हटलं.

"काय म्हणते ही?" मावशीनं बाबांना विचारलं. मीच मराठीत सांगितलं. "मावशी, हे ओतीव आहे. खोटं आहे. सोनारानं केलंय." ओहायोच्या कुणा डीलरला सांगावं त्याच सुरात.

"मंजू!" बाबा एवढंच म्हणाले. इतक्या मोठ्यानं ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

मला वाटलं आता मावशी आकाशपाताळ एक करणार. ती हळूच खुर्ची ओढून बसली. तिचे हात चिंचेनं माखलेले होते, ते तिनं तसेच मांडीवर ठेवले.

"नक्की?" तिनं मला विचारलं. "आणि सोनारानंच? भट्टीत ओतून?"

"हो. साचा करून."

तिनं त्या घोडेवाल्याकडे बघितलं. मग बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज एवढा लहान होता की मला पुढं वाकावं लागलं. "वाटणीच्या वेळी शकू नऊ वर्षांची. दादांचं, तुझ्या आजोबांचं, बोट सोडायची नाही, म्हणून त्यांच्याबरोबर तीही गेली सोनाराकडं. संध्याकाळी आली ती उड्या मारतच. अंगणात सगळी माणसं बसलेली, थोरल्या घरची, आमची. त्यांच्यासमोर म्हणाली, आपला घोडेवाला नवा आहे! मी बघितला, आधी लाल लाल होता, मग पाण्यात टाकल्यावर चुर्र वाजला. दादांनी तिला गुरासारखं मारलं. देव्हाऱ्यावर हात ठेवायला लावून बोलायला लावलं, मी खोटं बोलले. मी चौदा वर्षांची होते. मला दादांचं खरं वाटलं. मीही एक ठेवून दिली तिच्या गालावर. खोटारडी म्हणाले तिला. कितीतरी वर्षं चिडवायचे मी, चुर्र म्हणून. मग ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. कधीच नाही. आणि ती अमेरिकेला निघाली तेव्हा दादांनी हे तिच्या हातात ठेवलं. मी थोरली, मला नाही. इतकी वर्षं मी मनात धरून बसले, की मला का नाही."

"तिला माहीत होतं?" बाबा म्हणाले. त्यांनी ते दोनदा विचारलं. "शकूला माहीत होतं?"

ते उठले, फ्रिजवरून डबा काढला, चुकून अनारशांचा निघाला तो परत ठेवला आणि दुसरा काढला. सगळ्यांत मागच्या पुठ्ठ्याच्याही मागं एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं. व्यास पस्तीस पूर्णांक चार. वजन. कड: कानशीच्या खुणा. निकालाची जागा कोरी. साक्षीची जागा कोरी.

"तू झालीस त्या दिवसाचं आहे," ते मला म्हणाले. "ती हॉस्पिटलात होती, मी कपडे न्यायला घरी आलो होतो. राहवलं नाही, लावला व्हर्निअर. तेव्हापासून सतरा वर्षं मी दसऱ्याला पानं गोळा करतोय. ती एवढ्या भक्तीनं घासत बसायची. मी समोर असतो तर माझ्या तोंडावरून तिला कळलं असतं. तिच्या आजोबांचं पदक खोटं आहे, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

आणि आई त्या पदकाला चिमटा लावू देत नव्हती, कारण खोटं पत्र न देणाऱ्या या माणसाला ते कळलं तर त्याची पंचाईत होईल, हे तिला ठाऊक होतं. तिनं तसं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दुसरं काय असणार? मी आईची मुलगी आहे, मला एवढं कळतं. नवरा-बायको एका घरात राहून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, दर दसऱ्याला, एक आत परातीशी आणि एक बाहेर झाडाखाली. आज लोक मला फोनवर फोटो पाठवतात, "मॅम, रिअल ऑर फेक?" आता नावं लेझरनं घालतात, तपासायला बंदुकीसारखं मशीन मिळतं, एका सेकंदात धातू सांगतं. मीही ते विकत घेतलंय. पण कार्डावरची शेवटची ओळ भरायला त्याचा काही उपयोग नाही.

"खोटारडी म्हणाले मी तिला," मावशी पुन्हा म्हणाली. मग परत म्हणाली. ती रडत नव्हती, नुसती म्हणत होती.

बाबांनी खिशातून पेन काढलं. जॅकेट अजून अंगातच होतं. निकालाच्या कोऱ्या जागेत त्यांनी लिहिलं, ओतीव. मग खालची ओळ लिहिली, सावकाश, एकेक अक्षर. लिहून झाल्यावर त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं, रोज सरकवायचे तसं, कोपऱ्यात सही करायला.

"साक्ष: शकुंतला, वय वर्षं नऊ. स्वतः पाहिलं. भरवशाची."

बाबांच्या डब्यात तोवर कुणाच्याच नावापुढं तो शब्द लागला नव्हता. मी पेन उचललं, टोक कागदाला टेकवलं, आणि मला कोपरा दिसेना. माझ्या नावातलं "म" काढलं आणि त्यावर पाणी पडून ते पसरलं. आधी मला कळलंच नाही की ते माझं आहे. मग घशातून असा आवाज निघाला की मीच दचकले. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं, आमटीसकट. बाबा खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझं डोकं त्या जॅकेटवर दाबून धरलं. त्यांची हनुवटी माझ्या डोक्यावर थडथड उडत होती. "रड," ते म्हणाले. "रड गं बाई."

मावशीनं चिंचेचे हात पुसले. ते कार्ड उचललं, पुन्हा वाचलं, आणि भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन साताऱ्याला थोरल्या घरी फोन लावला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा तिकडचं नीट ऐकू येत नसावं, कारण ती सगळं घर दणाणेल अशी ओरडत होती. "हां, माई बोलतेय, अमेरिकेतून! तुमचंच ठेवा काचेमागं! तुमचंच खरं! आमचं ओतलेलं आहे, ओतलेलं! हो हो, खात्रीनं सांगते! कुणी सांगितलं काय विचारतोस? आमच्या शकूनं! आमच्या शकूनं डोळ्यांनी बघितलंय!"